मागील पानावरून पुढे: पाडव्याआधी गेल्या वर्षाचा हिशोब कसा काढायचा

आधीच सांगते, मी १९ वर्षं एका पतसंस्थेत अकाउंट्सला होते, त्यामुळे मला जगातली कुठलीही गोष्ट जमा आणि नावे अशा दोनच बाजूंनी दिसते, घरात यावरून माझी भरपूर चेष्टा होते आणि ती मी मान्य केलीय. पण या सवयीचा एक फायदा असा झाला की वर्ष संपताना "सरत्या वर्षाने काय दिलं" वगैरे जे स्टेटस सगळीकडे फिरतात ते बघून मला नेहमी वाटायचं की अहो आधी किर्द (रोजच्या नोंदींची वही) तरी लिहा, डायरेक्ट ताळेबंद कुठून काढताय. आणि मग पुढच्या वर्षाचे संकल्प, रोज पहाटे पाचला उठणार, दहा किलो कमी करणार, महिन्याला दोन पुस्तकं वाचणार, नव्याचे नऊ दिवस आणि संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर सगळं गोड मानून विसरायचं. मीपण अनेक वर्षं हेच केलंय.

गेली चार वर्षं मी वेगळ्या पद्धतीने करते आणि ती बऱ्यापैकी टिकलीय, तर तीच इथे लिहिते. यात नवीन शोध काही नाही, हिशोबाच्या वहीचे जुनेच नियम आहेत, किर्द, खतावणी, थकबाकी, तरतूद, फक्त ते स्वतःला लावायचे. ज्यांना अकाउंट्स म्हटलं की झोप येते त्यांनीही घाबरू नका, बेरजा फार नाहीत.

कधी करायचं

३१ डिसेंबरला करू नका. त्या आठवड्यात लग्नं असतात, सुट्ट्या असतात, कुणीतरी पाहुणा असतोच आणि डोकं उत्साहात असतं, उत्साहात केलेला हिशोब चुकतो. मी जानेवारी ते पाडवा एवढा वेळ घेते. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, पाडवा १९ मार्चला आहे, तोपर्यंत तीन संध्याकाळी मोकळ्या काढल्या तरी पुरे, पण सलग तीन नकोत, मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या कारण पहिल्या दिवशी लिहिल्यावर आठवणी नंतर भाजी चिरताना वगैरे येत राहतात. ज्यांचं सगळं गणित एप्रिल ते मार्चवर चालतं त्यांनी ३१ मार्च धरला तरी काही बिघडत नाही. मी पाडवा धरते कारण ३१ मार्चला १९ वर्षं रात्री अकरापर्यंत ऑफिसात वडापाव खाल्लेत, त्या तारखेला मला अजूनही घरी काही शांतपणे करता येत नाही.

सामान म्हणाल तर एक दोनशे पानी वही, गेल्या वर्षाचं कालनिर्णय, मोबाइल, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि घरातली औषधांची फाइल. कालनिर्णय फेकून दिलं असेल तर शेजारी विचारू नका, त्याचा उपयोग नाही, कारण आपल्याला तारखा नकोयत, आपण त्यावर जे खरडलेलं असतं ते हवंय.

आधी रोजकीर्द, आठवणीतून नाही तर कागदावरून

किर्द म्हणजे काय, तर ज्या दिवशी जे घडलं ते त्या दिवसाखाली लिहायचं, चांगलं की वाईट, महत्त्वाचं की फालतू हे काही ठरवायचं नाही. वहीत बारा महिन्यांना दोन-दोन पानं द्या आणि भरायला घ्या. इथे एकच नियम पाळा, आठवून लिहायचं नाही, बघून लिहायचं. कारण आठवणीवर सोडलं की शेवटचे दोन महिने आणि वर्षातली एक मोठी घटना एवढंच वर येतं, बाकीचे नऊ महिने गायबच होतात.

माझंच सांगते. मला विचारलं असतं की २०२५ कसं गेलं तर मी एका दमात सांगितलं असतं की नोकरी सोडली ते वर्ष. आमची शाखा दुसऱ्या गावी हलली, रोज जाऊन-येऊन अडीच तास एसटीत जायला लागले असते, जूनमध्ये मी सोडली, आता घरून चार दुकानांचे हिशोब आणि जीएसटी बघते. मोठी गोष्ट आहेच. पण कालनिर्णय घेऊन बसले तेव्हा दिसलं ते भलतंच. आमच्याकडे सिलेंडर लावला की त्या तारखेला मी "सि" असं लिहिते, सासूबाईंची सवय, त्यांच्याकडून माझ्याकडे आली. तर जानेवारीपासून जुलैपर्यंत दोन "सि" मध्ये साधारण ३५ दिवसांचं अंतर होतं, आणि ऑगस्टनंतर ५२, मग ५५. दुधाच्या खुणा दीड लिटरवरून पाऊण लिटरवर आलेल्या. ऑगस्टमध्ये मुलगा इंजिनीअरिंगला पुण्याला गेला. म्हणजे मी वर्षभर नोकरी नोकरी करत बसले होते आणि घरात खरा बदल हा झालेला, दोन माणसांचा स्वयंपाक होतोय, आणि हे मला गॅसच्या टाकीने सांगितलं. त्या संध्याकाळी पुढे काही लिहिलं नाही, वही मिटून त्याला फोन केला, तो म्हणाला आई मी मेसमध्ये आहे नंतर करतो.

असो. कालनिर्णयानंतर फोटो बघा, पण एकेक महिना घेऊन आणि भराभर. ज्या महिन्यात एकही माणसाचा फोटो नाही, फक्त बिलांचे आणि मीटर रीडिंगचे आहेत, तो महिना कसा गेला असेल ते वेगळं विचारायला नको. मग बँक स्टेटमेंट. यूपीआयमुळे आता चहाचे दहा रुपयेसुद्धा तिथे उमटतात, पूर्वी हे सुख नव्हतं. रकमा बघू नका, नावं बघा, कुठलं नाव परत परत येतंय. मला एका मेडिकलवाल्याचं नाव २२ वेळा दिसलं आणि पुस्तकांच्या दुकानाचं एकदाही नाही, मी मात्र लोकांना सांगत होते की हल्ली वाचन वाढलंय.

आणि एक ट्रिक माझी स्वतःची आहे, व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्चमध्ये "उद्यापासून" टाइप करा. आपण कुणाकुणाला काय काय उद्यापासून सुरू करतो म्हणालोय त्याची पूर्ण यादी येते, तारखेसकट. मग "सॉरी" टाका, मग "जमणार नाही" टाका. सगळे मेसेज वाचत बसायची गरज नाही, नुसते वरवर बघितले तरी वर्षभर आपण कुणाला नाही म्हणत होतो ते कळतं. माझे सतरा "जमणार नाही" होते, त्यातले अकरा एकाच मैत्रिणीला. हे वाचून मला बरं वाटलं नाही पण त्यासाठीच तर आपण बसलोय.

औषधांची फाइल सगळ्यात शेवटी, कारण ती बघायला कुणालाच आवडत नाही. पण तारखा बघायच्याच. हिशोबात एक जुनी खूण असते, दोन बाजूंचा फरक नऊने भागला जात असेल तर बहुतेक कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ४५ च्या जागी ५४ लिहिलेत. माझंही असंच उलटं पडलेलं. मी सगळ्यांना सांगायचे की नोकरी सुटल्याच्या टेन्शनने मला बीपीची गोळी लागली. फाइलमध्ये गोळी सुरू झाल्याची तारीख फेब्रुवारीतली, नोकरी सोडली जूनमध्ये. आधी गोळी, मग नोकरी. म्हणजे टेन्शन कशाचं होतं याचा मला सगळा विचार परत करावा लागला, आणि नोकरी सोडल्याबद्दल वर्षभर जी रुखरुख होती ती बरीच कमी झाली.

मग खतावणी

आता किर्दीतल्या नोंदी उचलून खात्यांवर टाकायच्या. खाती पाच ठेवा, फार तर सहा: शरीर, पैसा, काम, घरची माणसं, बाहेरची माणसं, आणि हवं असेल तर एक "फक्त माझं" म्हणून. काही लोक पंधरा खाती काढतात, अध्यात्म वेगळं, छंद वेगळे, सामाजिक योगदान वेगळं, एक ना धड भाराभर चिंध्या, करू नका.

प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा. पासबुकात कसं, काही एन्ट्र्या आपल्या सहीच्या असतात आणि काही परस्पर पडलेल्या असतात, चार्जेस, व्याज, कुठलातरी इन्शुरन्सचा हप्ता. तसंच इथे. जे मी ठरवून केलं त्यापुढे "सही", जे माझ्यावर येऊन पडलं त्यापुढे "परस्पर". शाखा हलली, परस्पर. नोकरी सोडली, सही. मुलगा पुण्याला गेला, खरं तर त्याची सही, माझ्या खात्यावर परस्पर. हे करताना प्रामाणिक राहायला लागतं कारण चांगल्या गोष्टींपुढे सही आणि वाईटांपुढे परस्पर लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो, आमच्याकडे कर्जदारही असंच बोलायचे.

या खुणेचा उपयोग पुढे आहे. वर्षात परस्पर नोंदी खूप असतील, म्हणजे आजारपण, बदली, घर बदलणं, तर त्या वर्षात संकल्प पाळले गेले नाहीत म्हणून स्वतःला शिव्या घालण्यात अर्थ नाही, शिल्लकच तिकडे गेली. आणि परस्पर नोंदी कमी आणि तरी काही झालं नाही, तर मग मात्र बसून विचार करा.

एक अपवाद. ज्या वर्षी घरात कुणी गेलं असेल त्या वर्षी खतावणी करूच नका. फक्त किर्द लिहा आणि वही ठेवून द्या. आपल्याकडे घरात कुणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत, मी संकल्पांनाही तोच नियम लावते. २०२२ मध्ये सासूबाई गेल्या, त्या वर्षीच्या वहीत माझी फक्त बारा महिन्यांची किर्द आहे, पुढची पानं कोरी आहेत, आणि पुढच्या वर्षी तिथूनच सुरू केलं, काही अडलं नाही.

थकबाकी, तसलमात आणि निर्लेखन

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच लोक करत नाहीत. नवीन संकल्प लिहायला सगळे तयार, जुन्यांचं काय झालं ते बघायला कुणी नाही, पुढचे पाठ मागचे सपाट. तर एका पानावर मागच्या दोन-तीन वर्षांत जे जे ठरवलं आणि झालं नाही ते सगळं उतरवा. वर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सापडलेली "उद्यापासून"ची यादी इथे कामाला येते.

बँकेत कर्जाचा हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की ते खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत जातं, मग साहेब ते नेहमीच्या खात्यासारखं दाखवू शकत नाही, वेगळं काढून दाखवावं लागतं. आपणही तेच करायचं. जी गोष्ट तुम्ही ९० दिवसांत एकदाही केली नाहीये ती "चालू आहे" असं म्हणायचं नाही. मी "योगा करते" असं म्हणायचे, शेवटचा योगा दिवाळीच्या आधीचा. एनपीए.

आता एनपीएतल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा, ही मला अजून हवीय का, की हवी असायला पाहिजे असं वाटतंय. दुसरं उत्तर आलं तर सरळ निर्लेखित करा. निर्लेखित म्हणजे वसूल होणार नाही हे मान्य करून पुस्तकातून काढून टाकणं, यात लाज नाही, मोठमोठ्या बँका करतात. मी तीन वर्षं "इंग्रजी स्पीकिंग सुधारणे" ओढत होते. कशासाठी, तर एका मीटिंगमध्ये एकदा अडखळले होते म्हणून. आता माझी चारही दुकानं मराठीत बोलतात, त्यातले एक काका तर व्हॉइस मेसेजच पाठवतात. तारीख टाकून, लाल पेनने रेघ मारून काढून टाकलं, आणि खांदे इतके हलके झाले की मी त्या दिवशी अजून दोन गोष्टी काढल्या, गिटार आणि एका नातेवाइकांशी संबंध सुधारणे. दुसऱ्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

तसलमात हे वेगळं. तसलमात म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, जिचा हिशोब अजून आलेला नाही. आपल्या आयुष्यात अशा भरपूर असतात, जिमची वर्षाची फी भरलीय, ऑनलाइन कोर्स सेलमध्ये घेतलाय, शिलाई मशीन आणून ठेवलंय त्यावर आता कपड्यांचा ढीग असतो. या यादीला तारीख लावा. पाडव्यापर्यंत हिशोब आला नाही, म्हणजे एकदाही वापरलं नाही, तर वस्तू असेल तर विका किंवा देऊन टाका, फी असेल तर अक्कलखाती नावे टाका. अक्कलखातं हे खातं प्रत्येकाच्या वहीत असावंच, माझ्याकडे त्याची गेल्या वर्षीची बेरीज ७,४०० रुपये होती, यापेक्षा महाग शिकवण्या बाजारात आहेत.

आरंभी शिल्लक

जुन्या हाताने लिहायच्या किर्दीत प्रत्येक पानाच्या वर लिहिलेलं असायचं "मागील पानावरून" आणि खाली "पुढील पानावर". नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एक पान वरची ओळ न लिहिता सुरू केलं तर आमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, अगं काल रात्री तिजोरी रिकामी केली का कुणी, शिल्लक लिही आधी. माझ्या डोक्यात ते कायमचं बसलं. संकल्प करताना सगळे "नवीन कोरं पान" म्हणतात, तेव्हा मला मॅनेजरबाईच आठवतात. कोरं पान कुणाकडेच नसतं, वयाच्या ४३ व्या वर्षी तर नाहीच.

म्हणून ध्येयं लिहायच्या आधी अर्धं पान आरंभी शिल्लक लिहा. आज तुमच्याकडे नक्की काय आहे. कुठल्या सवयी न ठरवता चालू आहेत, कुठली माणसं रात्री अकराला फोन उचलतील, हातात कुठलं काम आहे, किती महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे. आणि बाजूला घसारा, म्हणजे वापरून वापरून झालेली झीज, पण लिहा, गुडघे, डोळे, झोप, आईवडिलांचं वय. दहा वर्षांपूर्वीच्या शरीराला शोभणारी ध्येयं आजच्या शरीरावर टाकायची नसतील तर घसारा धरावाच लागतो.

माझ्या शिल्लकेत एक गोष्ट अशी निघाली जी मी कधी मोजलीच नव्हती. नोकरी सुटल्यापासून मी रोज सकाळी साडेसहाच्या आधी उठतेच, बस नाही तरी. कुणी सांगितलं नाही, ठरवलं नाही. म्हणजे लोक जे मिळवायला मरमर करतात तो अर्धा तास माझ्याकडे आयताच पडून होता आणि मी त्यात मोबाइल बघत होते.

आता ध्येय, पण नेमासारखं

माझ्या आजीला "गोल" हा शब्द माहीत नव्हता पण ती दरवर्षी चातुर्मासात एक नेम धरायची. एका वर्षी वांगं नाही, एका वर्षी रोज देवळात एक वात, एका वर्षी जेवताना बोलायचं नाही (आजोबा त्या वर्षी फार खूश होते). त्या नेमाची बांधणी बघा कशी असते. गोष्ट एकच असते, लहान असते, एकतर काहीतरी करायचं किंवा काहीतरी सोडायचं, सुरुवातीची तारीख ठरलेली, शेवटची तारीख ठरलेली, संपल्यावर उद्यापन, आणि सुरू व्हायच्या आधी कांदेनवमीला कांद्याचं पोटभर खाऊन घ्यायची सोयसुद्धा केलेली. आपल्या नवीन वर्षाच्या संकल्पांत यातलं काय असतं? "यापुढे गोड बंद." यापुढे म्हणजे कधीपर्यंत? मरेपर्यंत? मग सहाव्या दिवशी कुणाच्यातरी वाढदिवसाचा केक खाल्ला की सगळंच बुडालं.

सवय लागायला २१ दिवस लागतात असं सगळे सांगतात ना, त्याला तसा आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला होता, २०१० मध्ये तो छापून आला, त्यात नवीन गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसात फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. अजून एक चांगलं त्यात निघालं की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. आजीचा चातुर्मास चार महिन्यांचा, म्हणजे या ६६ दिवसांना पुरून उरतो. तिने काही अभ्यास वाचला नव्हता, पण वांगं मात्र त्या एका वर्षानंतर तिने परत फारसं खाल्लंच नाही.

तर मी वर्षाचे तीन तुकडे करते, पाडवा ते आषाढी, आषाढी ते कार्तिकी, आणि कार्तिकी ते पुढचा पाडवा. एरवी पहिला तुकडा छोटा पडतो, सव्वातीन महिन्यांचा, पण यंदा अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून, आणि आषाढी एकादशी थेट २५ जुलैला आहे, त्यामुळे यंदा तिन्ही तुकडे जवळजवळ सारखे झालेत. ज्यांना तिथ्यांशी देणंघेणं नाही त्यांनी सरळ चार-चार महिने धरावेत, मुद्दा एवढाच की वर्षभराचं ध्येय ठेवायचं नाही, एका तुकड्याचं ठेवायचं, आणि एका तुकड्यात दोनच. एक करायचं, एक सोडायचं.

लिहिताना "चालायला जाणे" असं लिहू नका. कधी, कुठे, किती आणि कशाला जोडून, हे सगळं एका वाक्यात आलं पाहिजे. माझं असं आहे: सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहाला दूध आणायला जाताना डेअरीवरून सरळ घरी न येता प्रीतिसंगमावरून वळसा घेऊन यायचं. दूध तर आणायचंच आहे, म्हणजे घराबाहेर पडायला वेगळा उत्साह लागत नाही. कराडात राहून कृष्णा-कोयनेचा संगम मी पाहुणे आल्यावरच बघायचे, हे पण लाजिरवाणंच होतं. आणि सोडायचं ते असं: रात्री नऊनंतर दुकानांच्या हिशोबाला हात लावायचा नाही.

हे दुसरं लिहिल्यावर नवरा हसला, म्हणाला अकरा तारखेला बघू. त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच पुढचा भाग.

तरतूद

जीएसटीची दोन विवरणपत्रं दर महिन्याला भरायची असतात, जीएसटीआर-१ ची मुदत महिन्याच्या ११ तारखेला आणि ३बी ची २० तारखेला. म्हणजे माझ्या प्रत्येक महिन्यातले ते पाच-सहा दिवस असे आहेत की ज्यात मी कुठलंही वचन पाळू शकत नाही, दुकानदार दहा तारखेला रात्री साडेआठला बिलांची पिशवी आणून देतात आणि वर विचारतात होईल ना ताई. पूर्वी मी हे दिवस नसल्यासारखं प्लॅनिंग करायचे आणि दर महिन्याला ११ तारखेला आपटायचे. आता तरतूद आधीच काढते. नऊनंतर काम नाही, पण ९, १०, ११ आणि १८, १९, २० या सहा रात्री सोडून. सहा दिवसांची सूट दिल्यामुळे उरलेले २४ दिवस पाळले जातात, नाहीतर एकही पाळला जात नव्हता.

तुमचे वाईट दिवस कोणते ते तुम्ही बघा. शाळेत असाल तर पेपर तपासायचे दिवस असतील, शेती असेल तर सुगी, घरात म्हातारी माणसं असतील तर डॉक्टरचे वार. शिवाय गणपती, दिवाळी, घरातली लग्नं. कालनिर्णय पुढ्यात घ्या आणि पेन्सिलने आधीच फुली मारा, नंतर मारलेली फुली म्हणजे बहाणा असतो आणि आधी मारलेली म्हणजे तरतूद. अधिक महिना मी पूर्ण तरतुदीत टाकलाय, लोक त्या महिन्यात जावयाला अनारसे देतात, मला जावई नाही, मी एप्रिल-मेमध्ये जे सुटेल ते त्या महिन्यात भरून काढीन.

तपासणी आणि ऑडिटर

महिन्यातून एकदा बघायचं, रोज नाही. रोज टिक मारायचे तक्ते मी करून बघितलेत, चौथ्या दिवशी रकाना रिकामा राहिला की आपण तक्ताच बघायचं सोडतो. मी संकष्टी धरलीय. मला उपास असतो, चंद्रोदयाची वेळ कालनिर्णयात लिहिलेलीच असते, मोदक तयार असतात आणि चंद्र काही उगवत नाही, तो अर्धा तास एरवी भुकेने चिडचिड करण्यात जातो, त्यात वही काढते. तीनच गोष्टी लिहायच्या: किती दिवस झालं, कुठे अडलं, पुढच्या महिन्यात फुली कुठे. उपास नसेल तर लाइट बिल येतं तो दिवस धरा, तेही न चुकता येतं.

ऑडिटर मात्र बाहेरचा हवा. नवरा किंवा बायको यांना करू नका, त्यातून भांडणं होतात, अनुभवाने सांगते. जवळची मैत्रीण पण नको, ती "जाऊ दे गं" म्हणते. माझ्या ऑडिटर आमच्या धाकट्या जाऊबाई आहेत, त्या शाळेत गणित शिकवतात आणि त्यांना माझ्याबद्दल प्रेम आहे पण दया नाही. त्यांना महिन्याला एक मेसेज जातो, २२ पैकी १६, असा, बाकी काही लिहायचं नाही, कारणं तर अजिबात नाहीत. जानेवारीत ट्रायल म्हणून चालणं सुरू केलं तर त्यांचा उलट मेसेज आला, "दूध रोज आणलंस का पण?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही कारण सहा दिवस नवऱ्याने आणलं होतं.

पहिल्या तुकड्याचं उद्यापन त्यांच्याबरोबरच करायचं ठरलंय. आषाढीला करायचं म्हणत होते, पण त्या म्हणाल्या एकादशीला काय साबुदाणा खिचडी खाऊन उद्यापन करायचं का, मग दोन दिवस आधी कांदेनवमीलाच उरकू असं झालं. कांदाभजी मी करणार, झुणका त्या आणणार, आणि पोरगं त्या आठवड्यात पुण्याहून येणार असेल तर भजी दुप्पट आणि दूध दीड लिटर.